पाटाच्या काठाने

चर कुठून खणायचा, यावर तीन गावं
अडीच महिने भांडली.
बोरकुंडी म्हणाली, आमच्या बांधावरून नको.
शेवगे म्हणालं, रस्त्याकडेने न्या, तो सरकारचा आहे.
खालच्या पिंपळखेडीला कुणी विचारलंच नाही.
मी तिथलीच. सवय आहे.

मग दोधू अप्पा उठले,
अठ्ठावीस वर्षं फडाचे पाटकरी, आता गुडघे गेलेले.
म्हणाले, पाट कोणाचा?
सभा गप्प.
पांझरेच्या बंधाऱ्यातून निघालेला पाट
आजवर एकट्या कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही.
"मंग पाटना काठेकाठ लई जा ना भो."

तीन ग्रामसभा, तीन ठराव.
तिसऱ्यात ग्रामसेवकाने 'आप्टीकल' लिहिलं
आणि पुढे सगळ्या कागदांवर तेच राहिलं.
कानबाईला काम बंद.
रोट भाऊबंदाबाहेर जात नाही,
म्हणून खोदणाऱ्यांना सरपंच निर्मलाबाईंनी
वेगळं वरण-बट्टी रांधलं,
आणि चराच्या काठावर बसून स्वतःही तेच खाल्लं.

काळ्या नळीत बारा धागे, केसाएवढे.
निळा बोरकुंडीचा, नारिंगी शेवग्याचा,
हिरवा आमचा.
तपकिरी तिन्ही शाळांचा मिळून,
करडा दवाखान्याचा,
पांढरा तालुक्याकडे जाणारा.
उरलेले सहा आम्ही पेटवलेच नाहीत.

धुळ्याहून कंपनीचा माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, धूळ झटकत.
ते सहा आम्हाला द्या, पडूनच आहेत.
निर्मलाबाई म्हणाल्या, ते डोंगरावरच्या पाड्यांचे.
तो हसला. तिकडे तर खांबसुद्धा नाही.
"म्हणूनच," बाई म्हणाल्या,
आणि त्याचा चहा थंड होईपर्यंत
पुढे काहीच बोलल्या नाहीत.

मला नेमलं तिन्ही पंचायतींनी मिळून,
महिना सहा हजार, सायकल माझी.
अप्पांनी विचारलं, "तुले पेंढी कोन देई?"
मी हसले. त्यांच्या काळी पाटकऱ्याला
प्रत्येक वावरातून पेंढी यायची,
कमी आली की कळायचं, कोणाचं पाणी चुकलं.

पहिलं कोणतं गाव लावते? त्यांनी विचारलं.
वरून खाली, मी म्हटलं. बोरकुंडी, मग शेवगे.
अप्पा बराच वेळ माती उकरत राहिले.
"शेवटना वावरले पहिलं पानी."
आणि मग, मला कळावं म्हणून, सावकाश:
टोकाला पोचलं म्हणजे
मधे कोणी चोरलं नाही.

उजेडाला असा नियम लागत नाही.
तो चोरला तरी वाफा भिजत नाही कुणाचा.
तरी मी पिंपळखेडी पहिली लावली.
बोरकुंडीचा उपसरपंच आठ दिवस बोलला नाही.

मार्गशीर्षात कांद्याच्या चाळीसाठी कोणी जेसीबी लावला
आणि शेवग्याच्या खाली नळी तुटली.
रात्रीचे साडेअकरा. गार वारा, बोटं वळेनात.
मोबाइलच्या उजेडात मी एकेक धागा सोलत, पुसत,
जोडणीच्या यंत्रात घालत बसले.
बॅटरी धरून उभा होता शेवग्याचा जत्रू सोनवणे.
त्याच्या गावाचं तर सगळं चालू होतं.
मी म्हटलं, तू जा घरी.
म्हणाला, माझा बाप फडावर जागल्या होता,
आणि बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

अप्पाही आले, काठी टेकत,
वाकले, नळीला कान लावला.
"पानी वाजस. हाई वाजत नही."
मग तुला कळतं कसं, पोचलं म्हणून?

फोन करते, मी म्हटलं.
कोणाला?
शेवटच्या घराला.

वेणूबाईचा फोन याच तारेवरचा.
चार रिंगा. पाच.
मग झोपेतला, घाबरलेला आवाज:
"इतकी रातले? कोन गयं वं?"

कोणी नाही, मावशी.
पोचलं.